‘कॉम्प्रेस व एनक्रिप्ट करून पाठवावे’ ही ओळ काढून टाका

प्रति,
माहिती यंत्रणांची तांत्रिक तपशीलपत्रे लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या समित्यांस,

सप्रेम नमस्कार.

‘डेटा पाठवण्यापूर्वी तो कॉम्प्रेस व एनक्रिप्ट करण्यात यावा.’ सुरक्षित पाठवणीच्या तपशीलपत्रांत ही ओळ हमखास सापडते. कॉम्प्रेस म्हणजे आकार दाबून लहान करणे, एनक्रिप्ट म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असे करणे. पुरवठादार तिच्यापुढे ‘पूर्तता केली’ असे लिहितो, तपासणारा खूण करतो आणि सगळे पुढच्या कलमाकडे वळतात. ही ओळ काढून टाकावी, अशी आमची विनंती आहे. तिच्यात चूक अशी काही नाही, पण ती तंतोतंत पाळूनही गुपित बाहेर पडू शकते. कॉम्प्रेशन म्हणजे बँडविड्थची बचत, असे धरून तो निर्णय नेटवर्क सांभाळणाऱ्यांवर सोडला जातो. वास्तविक तो सुरक्षेचा निर्णय आहे आणि डेटाच्या प्रत्येक प्रकारासाठी तो वेगळा घ्यावा लागतो.

आधी क्रमाचे बघू, कारण त्यात वादाला जागा नाही. कॉम्प्रेशन जगते ते पुनरावृत्तीवर. झिव आणि लेम्पेल यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या रीतीत मागे येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला, की तो परत लिहायचा नाही. ‘इतके बाइट मागे जा, तिथून इतके उचल’ एवढेच लिहायचे. हफमनच्या १९५२ च्या रीतीत वारंवार येणाऱ्या चिन्हाला कमी बिट मिळतात आणि क्वचित येणाऱ्याला जास्त. दोन्ही मिळून झाले डिफ्लेट. १९९६ च्या आरएफसी १९५१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातले हे डिफ्लेट आजही जीझिप, झिप आणि पीएनजी या सगळ्यांच्या पोटात आहे. एनक्रिप्शन नेमकी हीच पुनरावृत्ती पुसून टाकते. त्यामुळे आधी एनक्रिप्ट करून मग कॉम्प्रेस करायला गेले, तर हाती काहीच लागत नाही. उलट डिफ्लेटला सगळा मजकूर जसाच्या तसा ठेवावा लागतो. असा ब्लॉक फार तर ६५,५३५ बाइटचा असतो आणि प्रत्येकामागे सुमारे ५ बाइटचा भार पडतो. म्हणजे १ एमबीला निदान १७ ब्लॉक लागतात, वर जीझिपचे हेडर आणि शेपूट मिळून १८ बाइट. फाइल शंभरएक बाइटने फुगते आणि प्रोसेसरचा वेळ जातो तो वेगळाच.

यातून तपासणीची एक सोपी युक्ती मात्र मिळते. पुरवठादाराची एनक्रिप्ट झालेली फाइल घ्या आणि जीझिप करून बघा. ती चांगलीच लहान झाली तर विचारायला हवे. पुष्कळदा कारण साधे निघते. फाइल बेस६४ मध्ये, म्हणजे फक्त छापता येणाऱ्या अक्षरांत, लिहिलेली असते, ३ बाइटचे ४ झालेले असतात आणि जीझिपने ती फुगवटी बहुतांशी परत घेतलेली असते. पण बेस६४ उलगडल्यावरही ती आकसत असेल, तर कोणीतरी एईएस हा एनक्रिप्शनचा प्रचलित अल्गोरिदम ईसीबी पद्धतीने वापरला असण्याची दाट शक्यता आहे. ईसीबीत १६ बाइटचा सारखा ब्लॉक दर वेळी सारखाच एनक्रिप्ट होतो आणि मूळ डेटाचा आराखडा तसाच शिल्लक राहतो. या चाचणीचा उलटा अर्थ काढू नये. फाइल आकसली नाही म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. नुसती झिप केलेली फाइलसुद्धा आकसत नाही.

तेव्हा आधी कॉम्प्रेशन, मग एनक्रिप्शन. बहुतेक चर्चा इथेच थांबते, आणि खरी अडचण इथूनच पुढे आहे.

एनक्रिप्शन मजकूर लपवते, लांबी लपवत नाही. एईएस-जीसीएम किंवा चाचा२०-पॉली१३०५ या एनक्रिप्शनच्या रीती वापरल्या की जितके बाइट आत जातात तितकेच बाहेर येतात, वर १६ बाइटचा टॅग, म्हणजे मजकुरात फेरफार झाला तर दाखवणारी मोहोर. कॉम्प्रेशन नसेल तर लांबीवरून फारसे कळत नाही, कारण दहा रोमन अक्षरांचा पासवर्ड काहीही असला तरी दहाच बाइट घेतो. कॉम्प्रेशन मध्ये आले की लांबी मजकुरावर अवलंबून राहते. म्हणजे मजकुराबद्दलची माहिती आपणच लांबीत उतरवतो आणि ती लांबी उघड्यावर ठेवतो.

हे जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, एका पानात ‘पिन=४८२७’ असे रोमन लिपीत व इंग्रजी अंकांत लिहिले आहे, म्हणजे ८ बाइट. त्याच पानात हल्लेखोराला स्वतःचा मजकूर घालता येतो, उदाहरणार्थ शोधाच्या चौकटीतला शब्द पानावर परत छापला जातो. तो ‘पिन=०’ पाठवतो, मग ‘पिन=१’, असे करत ‘पिन=९’ पर्यंत. चुकीच्या अंकाला डिफ्लेटला ४ बाइटची जुळणी सापडते आणि पाचवे अक्षर वेगळे लिहावे लागते. ‘पिन=४’ ला मात्र ५ बाइटची जुळणी मिळते. डिफ्लेटच्या ठरीव कोड-तक्त्यात ३ ते १० बाइटच्या कोणत्याही जुळणीच्या लांबीला ७ बिटच लागतात आणि सुट्या रोमन अक्षराला ८ बिट. म्हणजे बरोबर अंदाजाचे उत्तर नेमके ८ बिटांनी, एका बाइटने, लहान येते. एनक्रिप्शन न फोडता पहिला अंक मिळाला. पुढे ‘पिन=४०’, ‘पिन=४१’... चार अंकांसाठी १०,००० ऐवजी फार तर ४० अंदाज पुरतात. टोकनचे, म्हणजे ओळख पटवणाऱ्या गुप्त खुणेचे, गणित याहून बोचरे आहे. टोकन ३२ हेक्स अक्षरांचे (प्रत्येक अक्षर १६ चिन्हांपैकी एक) असेल तर: २ चा १२८ वा घात इतक्या शक्यतांचे गुपित फार तर ३२ गुणिले १६, म्हणजे ५१२ अंदाजांत.

प्रत्यक्षात डिफ्लेट बहुधा मजकुरानुसार बदलणारा तक्ता वापरते, त्यामुळे एखादे अक्षर नुसते वारंवार येणारे असल्यानेही लांबी कमी दिसू शकते. त्यावर तोड निघालेली आहे. तीच अक्षरे क्रम बदलून दोनदा पाठवायची: एकदा अंदाज गुपिताच्या नावाला चिकटून, एकदा मध्ये भरताड घालून. हफमनचा परिणाम दोन्हीकडे जवळपास सारखा राहतो आणि उरतो तो जुळणीचा फरक. सीबीसी या ब्लॉकवार एनक्रिप्शनच्या पद्धतीत १६ बाइटच्या ब्लॉकमुळे एका बाइटचा फरक झाकला जातो, असे कोणी सांगितले तर मानू नये. हल्लेखोर आपला मजकूर एकेक बाइटने वाढवत ब्लॉकच्या उंबरठ्यावर आणून ठेवतो. मग एका बाइटनेच अख्खा ब्लॉक कमी-जास्त होतो.

हे नवीन नाही. जॉन केल्सी यांनी २००२ मध्येच ही गळती कागदावर मांडली होती. रिझो आणि डुओंग यांनी २०१२ मध्ये ‘क्राइम’ हल्ला दाखवून टीएलएस या वेब-जोडणी सुरक्षित करणाऱ्या प्रोटोकॉलच्या कॉम्प्रेशनमधून कुकी (ब्राउझरने जपलेली लॉगिनची खूण) काढली. ब्राउझर आणि सर्व्हरांनी टीएलएसचे कॉम्प्रेशन बंद केले, आणि पुढच्याच वर्षी ‘ब्रीच’ने तेच काम एचटीटीपीच्या उत्तरांवरच्या जीझिपमधून करून दाखवले. २०१८ मध्ये ‘व्होरॅकल’ने व्हीपीएनच्या बोगद्यातल्या कॉम्प्रेशनची तीच गत केली. त्याच वर्षी आलेल्या टीएलएस १.३ मधून कॉम्प्रेशन काढूनच टाकले आहे. एचटीटीपी/२ च्या हेडरांसाठी जीझिप न घेता एचपॅक ही वेगळी रीत आखली गेली. तिच्यात जुळणी पूर्ण हेडरची होते, अक्षरागणिक अंदाज बांधता येत नाही, आणि ‘हे कधीही तक्त्यात घालू नका’ अशी खूण संवेदनशील हेडरला लावता येते. तपशीलपत्रात ‘टीएलएस १.३ वापरावे’ एवढे लिहून आपण सुटलो असे मात्र समजू नये. टीएलएसने आपल्या थरावरचे कॉम्प्रेशन काढले. वरच्या थरावर तुमचा सर्व्हर जीझिप किंवा ब्रॉटली हे कॉम्प्रेशन चालवत असेल, तर त्याचे टीएलएसला काही देणेघेणे नाही.

या हल्ल्याला तीन गोष्टी लागतात: गुपित आणि परक्याचा मजकूर एकाच कॉम्प्रेशनच्या पिशवीत असणे, लांबी दिसणे, आणि तेच गुपित ठेवून पुष्कळदा पाठवायला मिळणे. लांबी दिसणारच, ती रोखणे फार महाग. म्हणून पहिली किंवा तिसरी गोष्ट मोडावी. गुपित वेगळ्या उत्तरात, कॉम्प्रेशन न करता पाठवावे. ते पानातच ठेवणे भाग असेल, तर दर उत्तरात नव्या यादृच्छिक बाइटांशी त्याचा एक्सऑर (बिटागणिक तुलना: वेगळे तर १, सारखे तर ०) करून तो यादृच्छिक मुखवटा आणि निकाल असे दोन्ही छापावेत. सर्व्हर उलट एक्सऑर करून मूळ टोकन मिळवतो, पण पानावरचे अक्षर दर वेळी बदलते आणि जुळणीला काही उरत नाही. लांबी दुप्पट होते, ती सोसावी. जँगो ही वेब-चौकट २०१६ च्या १.१० आवृत्तीपासून सीएसआरएफ टोकनला (परक्या साइटने वापरकर्त्याच्या नावे विनंती पाठवू नये म्हणून असलेल्या टोकनला) अशाच धर्तीवर दर वेळी नवे रूप देते. टोकन तासातासाला बदलण्याने तिसरी अट थोडी ढिली होते, मोडत नाही. ५१२ अंदाजांना तास लागत नाही.

उत्तराला यादृच्छिक लांबीची शेपटी जोडण्याचा उपाय पुरवठादारांना फार आवडतो. तो फक्त वेळ लावतो. तीच विनंती अनेकदा पाठवून सरासरी काढली की गोंगाट फेऱ्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. १०० फेऱ्यांत तो दहा पट कमी होतो आणि खाली दडलेला एक बाइट वर येतो.

मग कॉम्प्रेशन करावे कुठे? जिथे सगळा मजकूर एकाच हाताने लिहिलेला आहे आणि तो एकदाच जातो तिथे बिनधास्त: रात्रीचा बॅकअप, डेटाबेसची निर्यात, संग्रहातील कागदपत्रे, सर्वांना सारख्या मिळणाऱ्या स्टायलशीट आणि स्क्रिप्ट. जेपीईजी, एमपी४, झिप, तसेच डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स या फाइली मुळातच कॉम्प्रेस झालेल्या असतात, त्यांच्यावर पुन्हा मेहनत करू नये. लॉग फाइलींबद्दल आमच्यातही दोन मते आहेत. त्यांत बाहेरच्यांनी धाडलेला मजकूर असतो आणि निष्काळजी यंत्रणांत टोकनही असतात. लॉगमध्ये गुपिते जाऊच देऊ नयेत, हा त्यावरचा खरा इलाज.

छोट्या संदेशांचा हिशेब निराळा आहे. सेन्सरचा ६० बाइटचा संदेश जीझिप केला तर १८ बाइट वेष्टनातच जातात. इथे जेसन ही अक्षरी मांडणी सोडून सीबॉरसारखी बायनरी मांडणी घेतली, की कॉम्प्रेशनशिवायच आकार उतरतो. झेडस्टँडर्ड या कॉम्प्रेशन-रीतीची, नमुन्यांवरून आधीच शिकवलेली डिक्शनरी छोट्या संदेशांना उत्तम लागू पडते. मात्र ती खऱ्या डेटावर शिकवू नये. डिक्शनरीत नमुन्यांचे तुकडे जसेच्या तसे बसतात आणि ती प्रत्येक उपकरणात जाते, म्हणजे कोणाचा तरी पत्ता वा क्रमांक तिच्यातून गावभर जाऊ शकतो. बनावट नमुन्यांवर शिकवा.

आवाजाकडे वेगळे लक्ष द्यावे. बदलत्या बिटरेटचा कोडेक (आवाज कॉम्प्रेस करणारी रीत) उच्चारानुसार पॅकेटची लांबी बदलतो, आणि एनक्रिप्शननंतरही त्या लांब्यांवरून बोलण्याची भाषा आणि ठरावीक वाक्ये ओळखता येतात, हे २००७ आणि २००८ मधल्या संशोधनाने दाखवले. २०१२ च्या आरएफसी ६५६२ चा विषयच हा आहे. संवेदनशील संभाषणासाठी स्थिर बिटरेट मागा.

परका मजकूर मिसळत नसतानाही लांबी काही सांगू शकते: अहवाल कोरा होता की भरलेला, उत्तर होकारार्थी होते की नकारार्थी. तिथे कॉम्प्रेशननंतर आणि एनक्रिप्शनपूर्वी भरण घालावी, ठरावीक टप्प्यांपर्यंत. २०१९ मधली पॅडमे रीत आम्हाला व्यवहार्य वाटते. तिच्यात १०,००,००० बाइटची फाइल १६,३८४ च्या पुढच्या पटीपर्यंत, म्हणजे १०,१५,८०८ बाइटपर्यंत भरली जाते. भार दीड टक्क्याच्या आसपास. लहान फाइलींतही तो १२ टक्क्यांपुढे जात नाही. पानावरच्या टोकनच्या हल्ल्यावर हा उपाय नाही, कारण टप्प्याची सीमा गाठून तोच खेळ पुन्हा खेळता येतो.

आता जोडणीतल्या चुका. आमच्या मते सर्वात कमी तपासली जाणारी चूक तुटलेली पाठवणी पुन्हा सुरू करण्यात असते. फाइलचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला क्रमांकावरून नॉन्स, म्हणजे एनक्रिप्शनच्या एका किल्लीवर (की) एकदाच वापरायचा आकडा, दिला जातो, हे ठीक. पाठवणी ४० व्या तुकड्यावर तुटली, आणि पुन्हा सुरू करताना सॉफ्टवेअरने मूळ फाइल नव्याने कॉम्प्रेस केली. लायब्ररीची आवृत्ती, पातळी किंवा थ्रेडची संख्या बदलली, की कॉम्प्रेशनचे बाइट बदलू शकतात. उलगडल्यावर फाइल तीच निघते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण आता ४० वा तुकडा वेगळा आहे, तर एनक्रिप्शनची की तीच आहे आणि नॉन्सही तोच. जीसीएममध्ये याचा अर्थ दोन्ही तुकड्यांचा एक्सऑर उघडा पडतो आणि टॅग बनवणारी आतली की काढता येते, म्हणजे खोटे तुकडेही बनवता येतात. एकतर एनक्रिप्ट झालेले तुकडे साठवून तेच पुन्हा पाठवावेत, नाहीतर प्रत्येक प्रयत्नाला नवी की घ्यावी.  नॉन्स यादृच्छिक घेणार असाल, तर जीसीएमच्या ९६ बिटांच्या नॉन्सला एका कीवर २ चा ३२ वा घात इतक्याच संदेशांची मर्यादा आहे, तीही लिहून ठेवावी.

तुकडा केवढा असावा? ६४ केबीच्या तुकड्याला १६ बाइटचा टॅग म्हणजे ०.०२५ टक्क्यांहून कमी भार, तेव्हा टॅगसाठी तुकडे मोठे करण्याचे कारण नाही. सबंध प्रवाह कॉम्प्रेस करून मग कापला तर आकार चांगला उतरतो, पण एक तुकडा गेला की पुढचे उलगडत नाही. प्रत्येक तुकडा स्वतंत्र कॉम्प्रेस केला तर तोटा आकारात. डिफ्लेट ३२ केबी मागे बघते, त्यामुळे ६४ केबीच्या तुकड्यांत ही तूट जाणवते, १ एमबीच्या तुकड्यांत फारशी नाही. शेवटच्या तुकड्यावर ‘हा शेवटचा’ अशी खूण असावी आणि ती टॅगने बांधलेली असावी. नाहीतर मागचे तुकडे कोणी गाळले तर फाइल अर्धी आहे हे कळतच नाही. मूळ आकार उघड्या हेडरमध्ये लिहू नये. मूळ आणि कॉम्प्रेस झालेला आकार दोन्ही दिसले की त्यांचे गुणोत्तरच मजकुराचा प्रकार सांगते. अल्गोरिदमचा क्रमांक हेडरमध्ये ठेवावा लागला, तर तोही टॅगच्या हिशेबात घ्यावा.

घेणाऱ्याकडे टॅग जुळल्याशिवाय एकही बाइट डीकॉम्प्रेसरला देऊ नये. हे कोड गुंतागुंतीचे असते, ते अनोळखी डेटावर चालवणे म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या. ओपनएसएसएच या दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉगिन करून देणाऱ्या सॉफ्टवेअरने ७.४ आवृत्तीत ओळख पटण्यापूर्वीचे कॉम्प्रेशन सर्व्हरमधून काढून टाकले. टॅग जुळल्यावरही उलगडलेल्या आकाराला कमाल मर्यादा हवी. डिफ्लेट सुमारे १०३२ पट फुलू शकते, म्हणजे १ एमबीतून १ जीबी. झेडस्टँडर्डमध्ये ४ बाइटच्या ब्लॉकमधून १२८ केबी निघू शकतात. मोजणी उलगडता उलगडता व्हावी, हेडरमधल्या आकड्यावर विसंबू नये. झेडस्टँडर्डची विंडो, म्हणजे मागे बघण्याचे अंतर, ८ एमबीला बांधावी.

‘कॉम्प्रेशन आणि एनक्रिप्शन एकाच टप्प्यात करणारा आमचा स्वतःचा अल्गोरिदम’ असा प्रस्ताव आला तर तो बाजूला ठेवावा. हफमनचे तक्ते कीनुसार अदलाबदल करणे किंवा अंकगणिती कोडिंगचे अंतर गुप्त ठेवणे या कल्पना दिसायला सुबक असतात. त्यांतल्या अनेक निवडक मजकूर घालून फोडल्या गेल्या आहेत. झिपच्या जुन्या पासवर्ड-पद्धतीचे उदाहरण तर घरोघरी आहे. बिहाम आणि कोचर यांनी १९९४ मध्ये ती थोडाच माहीत असलेला मजकूर वापरून फोडली, तरी ती अजून वापरात दिसते. झिपमध्ये एईएस निवडले तरी आतल्या फाइलींची नावे सहसा उघडीच राहतात. ‘बडतर्फी-मसुदा’ हे नाव वाचायला पासवर्ड लागत नाही.

त्या ओळीच्या जागी पुढील मजकूर घालावा, असे आम्ही सुचवतो:

‘कॉम्प्रेशन मुळात बंद असेल. ज्या डेटाप्रकारात गुपित आणि बाहेरून आलेला मजकूर एकत्र येत नाही, त्याच प्रकारासाठी, नाव लिहून, ते सुरू करता येईल. क्रम: कॉम्प्रेशन, भरण, मग टॅगसह एनक्रिप्शन. नॉन्स पुन्हा न वापरला जाण्याची पद्धत, पाठवणी पुन्हा सुरू होण्याच्या प्रसंगासह, पुरवठादाराने लेखी द्यावी. टॅग तपासण्यापूर्वी डीकॉम्प्रेशन होणार नाही आणि उलगडलेल्या आकाराची कमाल मर्यादा प्रत्येक प्रकारासाठी नमूद असेल.’

मंजुरीपूर्वी चार चाचण्या घ्याव्यात. एकेक बाइट बदललेला तुकडा पाठवून तो डीकॉम्प्रेसरपर्यंत पोचत नाही, हे लॉगमध्ये पाहावे. शेवटचा तुकडा गाळून फाइल नाकारली जाते का, हे पाहावे. पाठवणी मध्येच तोडून, कॉम्प्रेशनची पातळी बदलून पुन्हा सुरू करावी आणि दोन्ही वेळचे नॉन्स ताडून बघावेत. शेवटी १ जीबी शून्यांची फाइल रीतसर कॉम्प्रेस व एनक्रिप्ट करून, खऱ्या कीसह, पाठवावी. सर्व्हरने ती मर्यादेवर तोडली पाहिजे आणि शेजारच्या जोडण्या चालू राहिल्या पाहिजेत. चारही निकाल पुरवठादाराच्या पूर्तता-पत्रकाला जोडून घ्यावेत.

कळावे,

आपले,
एनक्रिप्शन आणि डेटा-प्रोटोकॉलवर काम करणारे काही अभियंते